सव्वा महिन्याच्या आत

वेरावळ
११ जानेवारी २००४

रीमाताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते सातवीत शिकवतात म्हणे. मी सहावीतच सुटलो, तेव्हा तेवढं मी लिहिलंय असं तू मनानेच समज.

फोन तू ठेवतेस. माझा आवाज ऐकला की ठेवतेस. परवा भावजींनी उचलला आणि "राँग नंबर" म्हणाले. इतका सभ्य राँग नंबर मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणून हे पत्र. पोस्टाने पाठवलं तर केव्हा पोचेल देव जाणे, म्हणून माशांच्या ट्रकने पाठवतोय. आमच्या कंपनीचा माल घेऊन उत्तम नावाचा ड्रायव्हर मुंबईला येतो, तो काशीमिऱ्याला गॅरेजपाशी चहाला थांबतो. तिथून रिक्षावाल्याकडून तुझ्या बिल्डिंगमध्ये पोचवेल. पत्राला वास आला तर तो पापलेटचा आहे, माझा नाही.

तुला कोणी सांगितलं नसेल, मला मुलगा झाला. शेवंती गावी डोंगरीलाच आहे, आईकडे. तिला माहेर म्हणून काही उरलेलं नाही, भाऊ बोटीवर असतो. तू तिला बघितलेलं नाहीस. तू भावजींशी कोर्टात लग्न केलंस आणि आईने दार लावून घेतलं, त्यानंतर आमचं लग्न झालं. तू आली नाहीस. त्याबद्दल मी आता बोलत नाही.

एक छोटं काम आहे. एकदा डोंगरीला जाऊन तिला बघून ये. काही विशेष नाही. तिला झोप लागत नाही. बाळंतपणात अशक्तपणा येतोच. आई म्हणते ठीक आहे. मला सुट्टी नाही, सीझन आहे, बर्फ भरायला माणसं कमी पडतायत.

आणि गेलीस तर अजून एक. पाचवीच्या पूजेपासून आईने तिच्या उशाखाली कोयती ठेवलीय. आपल्यात ठेवतातच, बाळंतिणीजवळ लोखंड पाहिजे म्हणून, तुला माहीत आहे. ती कोयती काढून दुसरं काही ठेवता येतं का बघ. उगाच आपलं. लहान मूल आहे जवळ, लागायला नको.

मीरा रोडहून डोंगरी एका बसवर आहे ताई. मी नकाशात बघितलं तर माझ्यापासून तुझ्यापर्यंत सगळा गुजरात आहे.

तुझा
राज

ता.क. जाच.


वेरावळ
१४ जानेवारी

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. उत्तम म्हणाला, "तेरी बहन खुद आई थी काशीमीरा, ट्रक के पास खड़ी रही, मेरे को चाय भी नहीं पीने दी, बोली ये अभी के अभी ले जा." म्हणजे तू रागावलेली आहेस हे कळलं. तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ: "बायको तुझी आहे, तू का जात नाहीस, आणि कोयतीचं खरं काय ते लिही."

इथे आज पतंगांचा दिवस आहे. सगळे गच्चीवर ओरडतायत. मी खाली बर्फाच्या खोलीबाहेर बसून लिहितोय. खरं लिहितो.

मी पाचवीला गेलो होतो. ट्रकनेच गेलो. शेवंती खाटेवर बसलेली, डोळे टक्क उघडे, तोंडाने सारखं काहीतरी चाललेलं. आई म्हणाली, बाळंतपण झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मी जवळ गेलो, बाळाला बघायला वाकलो. तर माझ्याकडे बघून म्हणते, "तू राज न्हायस. राजचं तोंड लावून आलायस." मला वाटलं मस्करी करतेय, तिला सवय आहे. मी हसलो. तिने उशाखालून कोयती काढली.

आईने मला बाहेर ढकललं. मी ओट्यावर बसलो तर आतून ओरडत राहिली. मी मागच्या दाराने खाडीकडे गेलो, माझा आवाज बंद झाला, तेव्हा गप्प झाली. परत आलो की परत सुरू. आईने हात जोडले, "तू जा बाबा. तू दिसलास की पेटते. तू न्हायस तर निदान बसून तरी राहते." म्हणून मी इथे आहे. सुट्टीचं खोटं होतं. सुट्टी मागितलीच नाही.

रोज महिपतच्या दुकानात फोन करतो. त्याच्याकडेच एक फोन आहे आपल्या आळीत. तो आईला हाक मारून आणतो. दुकानात चार माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर आई काय बोलणार?

"कशी आहे?"

"ठीक हाय."

"झोपली?"

"ठीक हाय रे. तू तुझं काम कर."

काल तिने फोन ठेवायला दिला आणि महिपतने ठेवलाच नाही. आई लांब गेल्यावर म्हणाला, "राजा, तुझी आय खरं सांगत न्हाय. काल तुझी बायको पोराला पदरात गुंडाळून जेटीवर गेली व्हती. एकटी. जाळी सुकवणाऱ्या बायांनी पकडून आणली. बोलत व्हती, पोर दर्याचं हाय, दर्याला परत द्यायला पायजे."

ताई, मी त्याला म्हटलं परत सांग. त्याने परत सांगितलं. मग एक गिऱ्हाईक साखर मागायला लागलं.

आई म्हणते पाचवीला सटवाईच्या पूजेत काही चुकलं, म्हणून असं. सव्वा महिना झाला की देवीला नारळ देऊ, उतरेल. तोपर्यंत बाळंतिणीने परत उंबरठा ओलांडायचा नाही, आणि उशाखालचं लोखंड काढायचं नाही. म्हणजे जिच्या हातात कोयती नको तिच्याच उशाखाली आई रोज ती चाचपून बघते, आहे ना म्हणून. आई वाईट नाही. ती नातवाला जपतेय. तिला वाटतं कोयती काढली तर काहीतरी आत येईल. मला वाटतं ते आत आलेलंच आहे.

मी गेलो तर ती भडकते. आईला कळत नाही. उरलीस तू.

राज


वेरावळ
१७ जानेवारी

ताई,

तू गेलीस. महिपतने सांगितलं, मग तुझी चिठ्ठी पण आली. चार वेळा वाचली. शेवटी उत्तमला वाचून दाखवली, म्हटलं तू सांग, मला नीट समजलं का.

आईने तुला दारात थांबवलं नाही हे वाचून मला कसंतरी झालं. तू लिहितेस की ती नुसती म्हणाली, "आलीस? हात धू, मग आत जा." एवढ्या वर्षांनी! आणि तू पण हात धुतलेस आणि गेलीस.

कोयतीचं तू काय केलंस ते वाचून मी एकटाच हसलो. लोखंडच पाहिजे ना, मग लोखंड कुठलंही चालेल, म्हणून बाबांच्या होडीच्या नांगराची कडी काढून उशाखाली ठेवलीस. आणि आईला म्हणालीस, "हे तर कोयतीपेक्षा जड आहे." आईला पटलं! मला हे सुचलं नसतं. मी असतो तर भांडलो असतो. आता ती कोयती तुझ्या पिशवीत मीरा रोडला आहे हे फार बरं झालं. भावजींना दाखवू नकोस.

पण बाकीचं तसं नाही. शेवंती पोराला हात लावू देत नाही आणि स्वतः पण घेत नाही. ते रडलं की कान झाकते. पाणी पीत नाही कारण पाण्यात कोणीतरी बघतंय. तू गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरना बोलावलंस, ते दारातून बघून म्हणाले की हे आमच्याकडचं नाही, मानसिक डॉक्टरला दाखवा, आजच्या आज दाखवा. बरोबर बोलले. पण आजच्या आज कशाने? ॲम्ब्युलन्सवाल्याला तू फोन केलास, तो म्हणाला, "असा पेशंट आम्ही घेत नाही, पोलिसांना सांगा." रिक्षावाल्याने आत बघितलं आणि म्हणाला, "ताई, गाडीतून उडी मारली तर माझ्यावर येईल." हार्ट अटॅक असता तर हाच रिक्षावाला सिग्नल तोडत गेला असता!

आणि हे सगळं झाल्यावर आई दारात आडवी. सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर नाही.

तू लिहिलंस, दोन तास तिला समजावलं, हा आजार आहे, शरीरातलं काहीतरी बिघडतं, औषध आहे. आणि आई म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुझं बरोबर असेल. पण पोराला काय झालं तर तुझं पुस्तक भरून देणार काय?"

ताई, समजावू नकोस. आईला समजावून आजपर्यंत कोणी जिंकलेलं नाही. बाबा नाही, मी नाही, तू तर नाहीच नाही. गोदूबाईकडे जा. तीच सुईण होती ना, तिने आपल्या सगळ्या आळीची बाळंतपणं केलीत. सव्वा महिन्याचा नियम आई तिच्याकडूनच शिकली. कोर्ट ती आहे. आईशी भांडण म्हणजे शिपायाशी भांडण. जज्जकडे जा.

मी इथे बर्फ फोडतोय आणि प्रत्येक पाटीला वाटतंय आत्ता ती परत जेटीवर गेली असेल. मुकादम म्हणाला, "भाई, क्या तोड़ रहा है, बरफ है, पत्थर नहीं." माझ्याने खाली बसवत नाही. जेवायला बसलो की उठतो. महिपतला इतके फोन केले की तो आता उचलल्यावर हॅलो म्हणत नाही, "अजून न्हाय" म्हणतो.

तू तिथेच राहा. घरी जाऊ नकोस. भावजींना माझा नमस्कार सांग, आणि सांग की राँग नंबरवाला विनंती करतोय.

राज


वेरावळ
२० जानेवारी

ताई,

तुझं लिहून येण्याआधी मला महिपतने सगळं सांगितलं. क्रिकेटची कॉमेंट्री करतात तसं. दुकानातून आपलं दार दिसतं, तो फोन कानाला लावून बघत होता आणि मी इथे ओरडत होतो, पुढे, पुढे काय!

"गोदूबाय आली. काठी टेकत आली. दारात उभी हाय. तुझी आय बोलतेय. गोदूबाय ऐकत न्हाय. आता गोदूबाय बोलतेय."

"काय बोलतेय?"

"बोलतेय, पाय लागला न्हाय म्हंजे ओलांडला न्हाय. उचलून न्या. तुझ्या आयला बोलतेय, सत्यवती, बाळंतीण वाचली तर सव्वा महिना, न्हाय तर कसला सव्वा महिना."

मग नुसता गलका ऐकू आला. मी म्हटलं महिपत! तर म्हणाला, "थांब, माझी खुर्ची मागतायत." त्याची ती लाल प्लॅस्टिकची खुर्ची. पुरुषांनी बाळंतिणीला हात लावायचा नाही, म्हणून बाजाराला जाणाऱ्या चार बाया आल्या. डोक्यावर पाट्या वाहून ज्यांच्या माना खांबासारख्या झाल्यात त्या. महिपत म्हणाला, "उचलली रे! चौघींनी उचलली. तुझी बहीण बाजूनी चालतेय, तिचा हात धरून. तुझी आय मागून पोराला घेऊन. पाय वर धरलेत. उंबरठ्यावरून गेली. लागला न्हाय. राजा, लागला न्हाय!" आणि मग ओरडला, "खुर्ची परत आणा हां!"

मी फोन ठेवला आणि बूथमध्येच खाली बसलो. बूथवाला काच वाजवत होता.

रिक्षा नाही म्हणून तू बर्फाचा टेम्पो थांबवलास. मासे न्यायच्या टेम्पोत बायको नेली, आणि नवरा इथे माशांच्याच गाडीत माल चढवतोय. भाईंदरच्या त्या पहिल्या दवाखान्यात आत पण घेतलं नाही असं लिहितेस, म्हणाले आमच्याकडे सोय नाही, ठाण्याला न्या. तू टेम्पोवाल्याला विचारलंस आणि तो म्हणाला, "चला, बर्फ तसाही वितळला." त्या माणसाचं नाव विचारून ठेव.

तिने तुझा हात कसा काय धरला, टेम्पोत कशी बसली, हे मला कळत नव्हतं. मला बघून कोयती काढते, आईला ढकलते, आणि तुझ्याबरोबर निघाली? तू लिहिलंस तेव्हा कळलं. जे तिच्या ओळखीचे ते सगळे तिला खोटे वाटत होते, कोणीतरी त्यांची तोंडं लावून आलंय असं. तुला तिने कधी बघितलंच नव्हतं. तुझं तोंड तिच्याकडे नव्हतंच, मग खोटं कसं वाटणार? तिने विचारलं तू कोण, तू म्हणालीस मी रीमा, आणि तिने मान डोलावली. बरं झालं तू आमच्या लग्नाला आली नाहीस. हे मी रागाने नाही लिहीत.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, ती झोपली. झोपली हा शब्द तू लिहिलायस, मी त्यावर बोट ठेवून बसलोय. आता त्या म्हणतात नवऱ्याला बोलवा, त्याच्याशी बोलायचंय, सही पण त्याची करून घ्यायची आहे. मी येतो. याच ट्रकने येतो, हे पत्र माझ्या खिशातच येईल, उत्तमच्या नाही. पण लिहून ठेवतो, कारण समोर आलो की तू रागाने बघशील आणि मी काहीतरी वेडंवाकडं बोलेन.

मला भीती वाटते ताई. कोयतीची नाही. झोपून उठल्यावर परत मला बघून तसंच म्हणाली तर काय करायचं? मी राजच आहे हे कोणाला कसं सिद्ध करायचं? रेशनकार्ड दाखवू?

राज


ठाणे
२ फेब्रुवारी

ताई,

ही चिठ्ठी रिकाम्या डब्यात ठेवतोय. सकाळी तू डबा देतेस, आईचा निरोप सांगतेस आणि बसची घाई करतेस, दोन वाक्यं पण होत नाहीत. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. आपल्याला सवय झालीय.

आई तुझ्याकडे राहतेय याची मला अजून मजा वाटते. तिने लिफ्टमध्ये पाय ठेवायला नकार दिला आणि भावजी बाळाची झोळी घेऊन तिच्याबरोबर चार मजले चढले असं ऐकलं. त्यांना म्हणावं, आईच्या सुकटीचा वास चार दिवसांत नाकाला कळेनासा होतो. आई काल फोनवर म्हणत होती, "जावई बोलत न्हाय फारसा, पण पोराला घ्यायला येतं त्याला." हे सर्टिफिकेट समज.

आता इथलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं, हा आजार आहे, यात तिची चूक नाही आणि कुणाची पूजा पण चुकलेली नाही. बहुतेक बऱ्या होतात. वेळेत आलात म्हणाल्या. पुढच्या बाळंतपणाला आधीपासून लक्ष ठेवायला सांगितलंय. मी म्हटलं पुढचं कशाला काढता. त्या हसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेरच बसा, ती विचारेल तेव्हा आत जा. म्हणून मी एवढे दिवस व्हरांड्यात बसून होतो. जिन्यावरून पावलं वाजली की उभा राहायचो. सिस्टर म्हणाली, "अहो, बसा ना, तुम्हाला बघून बाकीचे पेशंट घाबरतात."

काल तिने विचारलं. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "चला, बोलावलंय." मी दारातच थांबलो.

ती खाटेवर बसली होती. केस विंचरलेले, तू विंचरलेस ना? डोळे तसे टक्क नव्हते. थकलेले होते. बराच वेळ बघत राहिली. माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होती, कुठे चिकटवलंय का बघत असल्यासारखं. मी हललो नाही.

मग म्हणाली, "तू पहिल्यांदा माझ्याशी बोललास तेव्हा माझ्या पाटीत काय व्हतं?"

मी म्हटलं, "बोंबील. आणि तू भाव सोडला नाहीस. मी म्हटलं एवढे महाग, तर तू म्हणालीस, मग माकूल घे, ते लिबलिबीत, तुझ्या तोंडाला शोभेल."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी झालं. मग परत डोळे बारीक केले. हळूच म्हणाली, "हे त्याला पण ठाऊक असणार."

ताई, खरंच आहे. राजचं तोंड लावून येणारा राजचं सगळं शिकूनच येईल ना. मी म्हटलं, "असेल. तू सांग, मी जाऊ की थांबू?"

तिने खूप विचार केला. म्हणाली, "बस. पण तिथंच, दाराजवळ."

मी दाराजवळ फरशीवर बसलो. तिने बाळाचं विचारलं एकदा, नाव न घेता, "ते दूध पितंय काय?" मी म्हटलं पितंय, डब्याचं, आई पाजते, रीमाताईच्या घरी आहे. तिने मान डोलावली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिची पाठ वर खाली होताना बघत होतो. गोळ्यांनी असेल, पण नीट झोपली होती.

बाळाला इतक्यात आणू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून थोडे दिवस. सव्वा महिना भरला की आईला नारळ तुमच्या तिथल्या देवळात फोडू दे, तू आडवी येऊ नकोस, तिला पण झोप यायला पाहिजे.

भाकरी दोन जास्त घाल. सिस्टरला आवडली.

हे लिहीपर्यंत संध्याकाळ झाली. मी आज पण दाराजवळच आहे. सिस्टर दार लावायला आली होती. वारा येतोय म्हणाली, आणि कडीला हात घातला. शेवंती जागी होती. तिच्याकडे न बघताच म्हणाली, "राहू दे. तो बसलाय."

तो म्हणजे कोण, ते नाही म्हणाली. मी उठलो नाही.

राज